लॉक काढलं, तरी फोटो का येत नाहीत?

चवथीला पंधरा दिवस होते. साखळीहून आतेचा फोन आला, तोही शेजारणीच्या मोबाइलवरून. "पुता, माझा फोन मला ओळखेनासा झालाय. कालपर्यंत बोट ठेवलं की उघडायचा. आज नंबर मागतोय."

मी डिचोलीहून तिच्याकडे पोचलो तेव्हा फोन देवघराच्या फळीवर ठेवलेला होता. रात्री अपडेट झालं होतं आणि फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता. आते पिन कधी टाकतच नसे. दोन-तीन दिवसांनी एकदा फोन ठसा नाकारून पिन मागायचा, तेव्हा नातू टाकून द्यायचा. तो नातू आदल्याच शनिवारी जहाजावर रुजू व्हायला गेला होता. आतेने आठवतील ते आकडे टाकून पाहिले होते आणि आता प्रत्येक चुकीनंतर फोन तिला थांबायला लावत होता.

फोन गेला तरी तिला चाललं असतं. पण त्यात आतोबांचा आवाज होता. विठ्ठलापूरच्या विठ्ठल मंदिरात त्यांनी म्हटलेले अभंग आणि त्यांच्या शेवटच्या चवथीला घरी म्हटलेली आरती. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. "शुक्रवारी म्हापशाला जाते," ती म्हणाली. "शेजारच्या मुलाने तिथल्या दुकानात विचारून ठेवलंय. अर्ध्या तासात लॉक तोडून देतो म्हणाला."

मी म्हटलं, "आते, नातवाशी बोलणं होईपर्यंत हा फोन कुणाच्या हातात देऊ नको." तिला पटेना. तेव्हा तिला चहा घेता घेता जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. चवथीच्या आसपास, सुट्टीला आलेली मुलं परत गेली की, असे फोन माझ्याकडे दरवर्षी येतात. त्यातले निम्मे तरी उशिरा येतात, आणि मग काहीच करता येत नाही.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. लॉक खरंच अर्ध्या तासात निघतं. पण लॉक निघालं म्हणजे फोटो मिळाले, असा हिशेब आता राहिलेला नाही.

पूर्वी ती नुसती कडी होती

साधारण २०१४-१५ पर्यंतचे बहुतेक अँड्रॉइड फोन आतून उघडेच असत. फोटो, मेसेज, नंबर, सगळं मेमरीच्या चिपवर जसंच्या तसं लिहिलेलं. स्क्रीनवरचं लॉक म्हणजे दाराला घातलेली कडी. पॅटर्न ठेवला की त्याची गणिती खूण 'जेश्चर डॉट की' नावाच्या एका छोट्या फाईलमध्ये साठवली जाई. नऊ ठिपक्यांच्या जाळीत एकूण ३,८९,११२ पॅटर्न होतात. तेवढ्या खुणा आधीच काढून ठेवल्या तर जुळवून पाहायला संगणकाला क्षणभर पुरे. पण तेवढेही कष्ट कुणी घेत नसे. फोन रूट केलेला असेल, म्हणजे सिस्टिमच्या मुळापर्यंत हात घालण्याचा हक्क मिळवलेला असेल, किंवा त्यात वेगळी रिकव्हरी (फोन नेहमीसारखा सुरू न करता दुरुस्तीसाठी चालवायचा छोटा प्रोग्राम) बसवलेली असेल, तर ती फाईलच पुसून टाकायची. फोन पुन्हा सुरू केला की कोणताही पॅटर्न काढा, उघडतो.

'लॉक तोडून देतो' हे बोलणं त्या काळातलं. तेव्हा ते खरं होतं, लोकांची कामंही झाली, म्हणून ते आजही तोंडात आहे. कडी काढली की घर उघडतं, हेच लॉकचं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. फोन मात्र आतून पार बदलला.

बँकेच्या लॉकरच्या दोन किल्ल्या

बदल झाला तो एन्क्रिप्शनमुळे. एन्क्रिप्शन म्हणजे चिपवर लिहितानाच मजकूर असा कालवून टाकायचा, की किल्ली असेल तरच तो पुन्हा वेगळा करता यावा. चिप फोनमधून उपटून दुसऱ्या यंत्राला लावली, तरी तिथे अर्थहीन आकड्यांचा ढीग दिसतो. कालवण्याची ही रीत बहुतेक फोनमध्ये एईएस नावाची असते. योआन डाएमन आणि व्हिन्सेंट राइमन या दोघा बेल्जियन संशोधकांनी ती रचली आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. फोनमध्ये तिची किल्ली २५६ बिटांची असते. अशा किल्ल्या किती होऊ शकतात, ती संख्या लिहायची तर ७८ आकडे लागतात. एकेक लावून पाहण्याची गोष्टच उरत नाही.

आता कुणीही विचारेल, माझा पिन तर चार आकडी आहे, त्याचे सगळे मिळून १०,००० पर्याय. मग ही प्रचंड किल्ली कुठून आली?

इथे बँकेचा लॉकर आठवा. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. बँकेचा माणूस आपली किल्ली फिरवतो, मग आपण आपली. एकट्याच्या किल्लीने लॉकर उघडत नाही. फोनमध्येही असंच आहे. पिन ही तुमची किल्ली. दुसरी किल्ली प्रोसेसरच्या आत, कारखान्यातच कायमची कोरलेली असते. ती बाहेर काढून वाचता येत नाही, प्रोसेसरचा एक राखीव, सुरक्षित भाग ती फक्त वापरतो. या दोन्ही एकत्र आल्या की एक डबी उघडते, आणि फोटो उघडणारी खरी मोठी किल्ली त्या डबीत असते.

यातून बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. फोनमध्ये शंभर जीबी भरलेले असले तरी पिन बदलायला सेकंदभर लागतो, कारण फोटो पुन्हा कालवावे लागत नाहीत, फक्त डबीचं कुलूप बदलतं. चार आकडी पिनही बऱ्यापैकी टिकतो, कारण तो त्याच फोनच्या त्याच प्रोसेसरच्या चिपसमोर टाकून पाहावा लागतो. पाच चुका झाल्या की चिप तीस सेकंद थांबवते आणि पुढे थांबण्याचा काळ वाढत जातो. घाई तिथे कुणाची चालत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फॅक्टरी रिसेट, फोन कारखान्यातून आला तसा कोरा करणं. रिसेट करताना फोन एकेक फोटो पुसत बसत नाही. तो डबी फेकून देतो. फोटोंचे कालवलेले अवशेष काही काळ मेमरीत पडून असतीलही, पण त्यांची किल्ली जगात कुठेच उरत नाही. म्हणून रिसेटनंतर 'डिलीट झालेले फोटो परत आणा' म्हणणारी सॉफ्टवेअरं कितीही पैसे मोजून घेतली, तरी फोनच्या आतल्या मेमरीतून काही निघत नाही. म्हापशाचा दुकानदार अर्ध्या तासात हेच करणार होता. लॉक गेलं असतं, फोन नव्यासारखा उघडला असता, आणि आतोबांचा आवाज संपला असता.

आजच्या जवळजवळ सगळ्या फोनमध्ये हे आहे, पण ते एका दिवसात आलं नाही. अँड्रॉइडमध्ये एन्क्रिप्शनची सोय २०११ सालच्या ३.० आवृत्तीपासून होती, हौशी लोक ती स्वतः चालू करत. २०१५ सालच्या ६.० पासून पुरेशा वेगाच्या नव्या फोनना ती सक्तीची झाली. स्वस्त फोन मात्र सुटले, कारण त्यांचे प्रोसेसर एईएससाठी फार हळू होते. त्यांच्यासाठी गूगलने २०१९ साली अडियँटम नावाची हलकी रीत आणली आणि ती सबबही गेली. आयफोनमध्ये किल्ली सांभाळणारा प्रोसेसरमधला वेगळा सुरक्षित भाग २०१३ च्या ५एसपासून आहे.

नाव न दिसणारा कॉल

चहा पिताना आते म्हणाली, "सकाळी पुण्याहून बहिणीचा फोन आला, तो उचलता आला. पण नाव दिसलं नाही, नुसता नंबर. माझे सगळे नंबर पुसले गेले की काय?"

नंबर पुसले गेले नव्हते. एन्क्रिप्शनच्या सुरुवातीच्या काळात संपूर्ण फोन एकाच किल्लीने बंद असायचा. पासवर्ड टाकेपर्यंत तो काहीच करू शकत नसे, पहाटेचा गजरसुद्धा वाजत नसे. रात्री चार्जिंगला लावलेला फोन कधी बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर सकाळची बस चुके. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७.० ने प्रत्येक फाईल वेगळी बंद करायची पद्धत आणली. तेव्हापासून फोनमध्ये दोन कपाटं आहेत. पहिलं फोन सुरू होताच चिप स्वतः उघडते. त्यात गजर, कॉल घेण्यापुरती व्यवस्था, अशा मोजक्या गोष्टी. दुसरं तुमचा पिन आल्यावरच उघडतं. फोटो, व्हॉट्सॲप आणि नावांची यादी त्या दुसऱ्या कपाटात. म्हणून कॉल आला, पण बहिणीचं नाव बंद कपाटात राहिलं.

फोन पुन्हा सुरू झाल्यावर बोटाचा ठसा का चालत नाही, तेही इथेच कळतं. ठसा दर वेळी थोडा वेगळा उमटतो. बोट ओलं, तिरकं, नारळ किसून खरबरीत झालेलं. किल्ली बनवायला मात्र अचूक तेच आकडे लागतात. म्हणून ठशाने डबी उघडत नाही. पिन टाकून डबी एकदा उघडली की मोठी किल्ली फोन चालू असेपर्यंत आत तयार राहते, आणि ठसा चिपला फक्त एवढंच सांगतो की हे घरचंच माणूस आहे, आत येऊ दे. फोन बंद झाला की ती किल्ली विस्मरणात जाते. शिवाय चालू फोनही साधारण ७२ तासांनी एकदा पिन मागतोच. अपडेट झालं नसतं, तरी नातू गेल्यावर तीन दिवसांच्या आत आते याच दारात उभी असती. दोष अपडेटच्या माथी गेला इतकंच.

अपडेटनंतरच्या खऱ्या अडचणी

सगळ्याच अडचणी विसरलेल्या पिनच्या नसतात. डबीतल्या किल्लीवर एक शिक्का असतो. अँड्रॉइडची कोणती आवृत्ती, सुरक्षेची दुरुस्ती कोणत्या महिन्याची, हे त्यावर नोंदलेलं असतं. नवी आवृत्ती आली की ती जुनी किल्ली तपासून तिच्यावर नवा शिक्का मारते. उलट दिशेने हे होत नाही. नवी आवृत्ती आवडली नाही म्हणून कुणी जुनी परत मारली, तर जुनी आवृत्ती नव्या शिक्क्याची किल्ली घ्यायला नकार देते. पिन बरोबर, फोन तोच, चिप तीच, तरी डबी उघडत नाही. ही मुद्दाम ठेवलेली अट आहे. नाहीतर चोराने आधी फोनवर सुरक्षेत भोकं असलेली जुनी आवृत्ती चढवली असती आणि मग त्या भोकातून आत शिरला असता. म्हणून अपडेटनंतर मागे जायचं, तर सगळं पुसून जायचं हे धरूनच चालावं.

कधी चूक खुद्द अपडेटमध्येही असते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड १४ आल्यावर, गूगलच्या ज्या पिक्सेल फोनवर एकाहून अधिक वापरकर्ते ठेवलेले होते, त्यांतल्या काहींना स्वतःच्याच फोटोंपर्यंत पोचता येईना. काही फोन रिसेट करा म्हणू लागले. गूगलने ते मान्य केलं आणि पुढे दुरुस्ती दिली. ज्यांनी घाबरून आधीच रिसेट केलं, त्यांना दुरुस्तीचा उपयोग नव्हता. माझ्या मते अपडेटनंतरच्या पहिल्या आठवड्यात फोन 'रिसेट करा' म्हणाला, तर शक्य तेवढं थांबावं. वाट पाहण्यात दिवस जातात, रिसेटमध्ये सगळंच जातं.

जुन्या फोनवर एक जुना निरोप अजून दिसतो. पासवर्डच्या जागी 'एन्क्रिप्शन अयशस्वी' लिहिलेली स्क्रीन आणि खाली एकच बटण, फोन रिसेट करण्याचं. ते बटण दाबण्याआधी निदान एकदा फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करून पाहावा. मेमरीची चिपच मरायला टेकलेली असेल तर मात्र त्यावर इलाज नाही.

याच्या उलटी एक तक्रार असते. लॉक काढायचंय, पण सेटिंगमध्ये 'काही नाही' आणि 'स्वाइप' हे पर्याय राखाडी होऊन बसलेत आणि खाली लिहिलंय की ॲडमिनिस्ट्रेटर, एन्क्रिप्शन पॉलिसी किंवा क्रेडेन्शियल स्टोरेजमुळे ते बंद आहेत. वाचून वाटतं फोन हॅक झाला. बहुधा झालेलं एवढंच असतं की कधीतरी ऑफिसच्या वायफायसाठी किंवा व्हीपीएनसाठी एक डिजिटल प्रमाणपत्र फोनमध्ये घातलं गेलं, नाहीतर कंपनीच्या मेलच्या ॲपला 'डिव्हाइस ॲडमिन'चा हक्क दिला गेला. अशा गोष्टी लॉकशिवाय ठेवायला फोन तयार नसतो. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो हक्क काढावा आणि 'क्रेडेन्शियल्स क्लिअर' करावीत, पर्याय परत येतात. त्याआधी वायफायचे आणि मेलचे पासवर्ड लिहून ठेवावेत, कारण ते पुन्हा टाकावे लागू शकतात. ही स्क्रीन उघडी असतानाची अडचण आहे, हिच्यात घाबरण्यासारखं काही नाही.

रूट करताना

फर्मागुडीला शिकणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता, ओळखीतलाच. फोन चार वर्षांचा, कंपनीने अपडेट देणं थांबवलेलं. त्याने ठरवलं की आपण नवी रॉम, म्हणजे फोनची सगळी सिस्टिमच नवी, बसवू आणि रूट करू. मला त्याचं कौतुकच वाटलं. चांगला चालणारा फोन कंपनीने सोडून दिला म्हणून फेकायचा का? लिनिएजओएससारख्या रॉमनी असे कितीतरी फोन वर्षानुवर्षं चालते ठेवलेत. रूट करण्याला माझा विरोध नाही. ते करताना एन्क्रिप्शन कुठे आडवं येतं हे आधी माहीत हवं, एवढंच माझं म्हणणं.

पहिलं पाऊल बूटलोडर अनलॉक करण्याचं. ते करताच फोन स्वतःहून सगळं पुसतो. पुष्कळांना हा कंपनीचा खुनशीपणा वाटतो. तसं नाही. बूटलोडर हा फोन सुरू होताना पहिला जागा होणारा प्रोग्राम. पुढची सगळी सिस्टिम कंपनीच्या सहीची आहे का, हे तो तपासतो. ती तपासणी सैल करायला मालकाने परवानगी दिली की कोणतीही सिस्टिम आत येऊ शकते. सापडलेला फोन चोराने अनलॉक केला, तर त्याच्या हाती रिकामा फोनच लागावा म्हणून ही पुसापुशी आहे. शिवाय डबीतल्या किल्लीवर 'बूटलोडर बंद होता' हीसुद्धा नोंद असते. बूटलोडर उघडला की चिप जुन्या किल्ल्या मानत नाही.

मुलाला हे ठाऊक होतं, त्याने फोटो आधी लॅपटॉपवर काढले होते. फोन पुसला गेला, मॅजिस्क नावाच्या ॲपने बूट इमेज (फोन सुरू होताना चालणारा सिस्टिमचा भाग) बदलून रूट मिळालं, सहा महिने मजेत गेले. मग त्याने दुसरी रॉम टाकायचं ठरवलं आणि या वेळी लॅपटॉपच्या भानगडीत न पडता रिकव्हरीमधून पूर्ण बॅकअप घेतला. 'डेटा'वर खूण केली, बॅकअप यशस्वी झाला, नवी रॉम टाकली. नव्या रॉमला जुनी किल्ली चालेना. रिकव्हरी उघडली तर अंतर्गत स्टोरेज शून्य एमबी. शेवटी त्याने 'फॉर्मॅट डेटा' केलं.

इथे दोन गोष्टी एकत्र आल्या. टीडब्ल्यूआरपीसारखी रिकव्हरी 'डेटा'चा बॅकअप घेते तेव्हा त्यात ॲप आणि त्यांची माहिती येते. तुमचे फोटो, व्हिडिओ, डाउनलोड ज्या भागात असतात तो भाग ती वगळते. आणि घेतलेला बॅकअप, वेगळं सांगितलं नाही तर, ती त्याच वगळलेल्या भागात ठेवते. म्हणजे फोटो बॅकअपमध्ये नव्हते, आणि बॅकअपही फोटोंच्या शेजारीच होता. फॉर्मॅटने दोन्ही नेले. सहा महिन्यांचे फोटो, त्यात आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे. तो माझ्यासमोर बसून राहिला आणि मला त्याला देण्यासारखं काहीच नव्हतं. बॅकअप फोनच्या बाहेर, लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर, आणि फोटो त्याहून वेगळे, स्वतः कॉपी करून, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला आधी सांगतो.

ते शून्य एमबी पाहून लोक मेमरी गेली समजतात, किंवा फोल्डरची नावं अगम्य अक्षरांत दिसली की व्हायरस म्हणतात. तो कालवलेला मजकूर आहे, रिकव्हरीला किल्ली मिळालेली नाही. अशा वेळी आधी रिकव्हरीची नवी आवृत्ती शोधावी. अँड्रॉइड पुढे गेलं आणि रिकव्हरी मागे राहिली, की तिला डबी उघडण्याची नवी रीत माहीत नसते. पिन विचारला तर तो शांतपणे टाकून पाहावा. रिकव्हरीला वाचता येत नसलं, तरी जुनी सिस्टिम अजून सुरू होत असेल तर फोटो तिच्यातून काढता येतात. फॉर्मॅट सर्वांत शेवटी.

अजून एक घोळ फार होतो. रिकव्हरीमधून बॅकअप परत बसवला, फोन सुरू झाला, आणि वर्षानुवर्षं टाकलेला पिन 'चुकीचा' ठरला. पिन चुकीचा नसतो. बॅकअपमधून लॉकच्या जुन्या नोंदी आल्या आणि मधल्या काळात फोनमधली त्यांची जोडीदार गुपितं बदलून गेली, दोघांचं जुळेना. म्हणून जाणकार सांगतात की रिकव्हरीत बॅकअप घेण्याआधी स्क्रीन लॉक काढून 'काही नाही' करावं, आणि परत बसवल्यावर नवं ठेवावं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि ती जुनी युक्ती, लॉकच्या फायली पुसून टाकण्याची, कृपा करून आता करू नका. पुष्कळ ठिकाणी ती अजूनही सांगितली जाते. जुन्या फोनमध्ये त्या फाईलीत नुसती नोंद होती. आताच्या फोनमध्ये लॉकशी जोडलेल्या फायलींत डबी उघडण्याची सामग्रीच असते. ती पुसली की पिनची चौकट कदाचित दिसेनाशी होईल, पण बरोबर पिन आठवला तरी मग काही उपयोग नाही. जी गोष्ट आठवण्याने सुटली असती, ती कायमची बंद होते.

काम झाल्यावर बूटलोडर पुन्हा लॉक करण्याचा मोह होतो, सुरू होतानाची ती इशाऱ्याची स्क्रीन जावी म्हणून. आत बदललेली सिस्टिम असताना लॉक केलंत तर तपासणी पुन्हा कडक होते, सही जुळत नाही, आणि फोन सुरूच होत नाही. आधी कंपनीची मूळ सिस्टिम पूर्ण बसवावी, मगच लॉक. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. कंपनीची सही नसलेली सिस्टिम चढवली की तो कायमचा उडतो आणि मग मूळ सिस्टिम परत घातली तरी खाजगी फायलींसाठीचा 'सिक्युअर फोल्डर' चालत नाही. त्या फोल्डरमध्ये कागदपत्रं असतील तर रूटच्या आधी बाहेर काढावीत.

फोन बंद आहे, आता काय?

आतेच्या बाबतीत मी पहिल्यांदा तिच्या हातून फोन घेतला आणि चुकीचे पिन टाकणं थांबवलं. तिच्या फोनवर चुकांनी काही पुसलं जाणार नव्हतं, पण काही फोनमध्ये ठरावीक चुकांनंतर सगळं पुसण्याची सोय असते. आयफोनमध्ये ती चालू असेल तर दहा चुकांनंतर. आयफोनबद्दल एक कामाची गोष्ट: आयओएस १७ पासून, पासकोड नुकताच बदलून विसरलात तर ७२ तासांपर्यंत जुना पासकोड वापरून मार्ग काढता येतो.

मग फोनबाहेर काय आहे ते पाहिलं. माझ्या लॅपटॉपवर तिचं गूगल खातं उघडलं. फोटोंपैकी बरेच तिथे आपोआप गेलेले होते, गणपतीवर फळं-भाज्या टांगून सजवलेल्या माटोळीचे, नातवाच्या मुंजीचे. आतेचा चेहरा जरा सैलावला. रेकॉर्डिंग मात्र नव्हती. गूगल फोटो आवाजाच्या फायली उचलत नाही, आणि रेकॉर्डरने त्या आतल्या मेमरीत ठेवल्या होत्या. मेमरी कार्ड असतं तर ते काढून संगणकाला लावून पाहिलं असतं. तिथेही एक खबरदारी असते. कार्ड 'अंतर्गत स्टोरेज' म्हणून जोडलेलं असेल तर तेही त्याच फोनच्या किल्लीने कालवलेलं असतं, दुसरीकडे उघडत नाही.

म्हणजे उरला एकच मार्ग, नातू. जहाजावर सिग्नल नव्हता. मेसेज टाकून ठेवला आणि शुक्रवारी आते बाजाराला गेली नाही, हे मला फार बरं वाटलं. चार दिवसांनी जहाज बंदराला लागलं आणि त्याचा फोन आला. "काका, पिन ना? आजोबांच्या जुन्या स्कूटरचा नंबर." आतेला तो नंबर तोंडपाठ होता. चाळीस वर्षं ती त्याच स्कूटरवर मागे बसली होती.

फोन उघडला. आतेला म्हटलं, आधी काही ऐकू नको. वायर लावून सगळ्या फायली लॅपटॉपवर घेतल्या, तिथून पेनड्राइव्हवर, आणि एक प्रत पुण्याला तिच्या बहिणीला पाठवली. संध्याकाळ झाली होती. पिन तिने आरतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला. मग तिने शेवटच्या चवथीची आरती लावली. ती संपल्यावर झांजा थांबतात, आतोबा एकदा खोकतात आणि म्हणतात, "आता बंद कर गो तें."